वीतभर राहिलेली शिलाई

मधुकर गेल्याची बातमी मला आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. वर बर्फामुळे शनिवारची मराठी शाळा कॅन्सल केल्याचा निरोप होता, खाली कोणाला तरी वापरलेली खाट फुकट द्यायची होती, आणि या दोहोंच्या मधे, हात जोडलेल्या सहा चित्रांसकट, 'आपले लाडके मधुकरराव' अनंतात विलीन झाल्याचं लिहिलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इथल्या चाळीस वर्षांत त्याला लाडका म्हणणारं कोणी मला भेटलं नव्हतं, त्याची बायको धरून. दोन रविवारांनंतर इथे, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, एका शाळेचा हॉल घेऊन शोकसभा झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी मधुकरला 'मातीशी नाळ न तुटलेला माणूस' म्हटलं, पडद्यावर त्याने गावच्या देवळाला दिलेल्या संगमरवरी फरशीचे फोटो दाखवले, आणि एका फोटोत त्या फरशीवर एक कुत्रा झोपलेला होता तो कोणाच्या लक्षात आला नाही. मी मागच्या रांगेत होतो. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. नंतर चहाच्या टेबलाशी नलिनीवहिनी, म्हणजे मधुकरच्या पत्नी, माझ्याजवळ आल्या.

"तुम्ही काही बोलला नाहीत, अरुणभाऊजी."

"बोलण्यासारखं काही चांगलं आठवेना."

"मग लिहा. लिहिता ना तुम्ही पेपरात अधूनमधून? खरं लिहा. खोटं आज पुष्कळ झालं."

तेव्हा पुढचा मजकूर घरच्यांच्या परवानगीने आहे. मला मधुकर आवडत नव्हता आणि त्याला मी आवडत नव्हतो. आमच्या दोघांत एका सकाळचं भांडण होतं. त्या सकाळी गावच्या देवळाच्या पायरीवर मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचं खरं उत्तर दिलं, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. त्या उत्तराने मधुकर गावातून उठला. ते उत्तर खरं होतं का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही एका गावचे, एका वर्गातले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या यात्रा कमिटीत ही पुरवणी वाचणारी दोन माणसं आहेत आणि मला अजून तिकडे जावं लागतं. माझे वडील शाळेत मास्तर, त्याचे वडील श्रीपतमामा शिंपी. दोघांच्या मिळकतीत फारसं अंतर नव्हतं. पण माझे वडील पाटलांकडे गेले की त्यांना आत खुर्ची मिळायची, आणि श्रीपतमामा ओसरीच्या खालच्या पायरीवर मशीन मांडून बसायचे. लग्नसराईत आठ-आठ दिवस तिथेच बसून त्या घरातल्या लहानथोरांचे कपडे शिवायचे. चहा दोघांनाही यायचा... वडिलांना कपबशीतून, मामांना पितळी पेल्यातून. शाळा सुटली की मधुकर काज करायला वडिलांच्या शेजारी बसायचा. पाटलांचा आबा आमच्याच वर्गात होता. तो ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून विचारायचा, "मध्या, माझा सदरा झाला का रे?" आणि मधुकर मान वर न करता "झाला" म्हणायचा. दोघांचं वय दहा वर्षं. झोपाळ्यावर आबाच्या शेजारी मी बसलेला असायचो. मला त्यात काही वावगं वाटल्याचं आठवत नाही. झोपाळा चांगला होता.

मधुकर आमच्यात सर्वांत हुशार. इंजिनियर झाला, अमेरिकेत आला, यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लँट मॅनेजर झाला. मी ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकून, तिथल्याच ग्रंथालयात काही वर्षं काढून शॉमबर्गला आलो तेव्हा त्याचं इथे बस्तान बसलेलं होतं. मंडळाच्या गणपतीत त्याने मला दारातून येताना पाहिलं. चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. प्रसाद घ्यायच्या आधी त्याने मला कोटांच्या रॅकमागे नेलं.

"अरुण, इथे जुन्या गोष्टी काढायच्या नाहीत."

"कुठल्या जुन्या गोष्टी?"

"तुला माहीत आहे."

मी ते पाळलं. पण माझ्याकडे पाळण्यासारखं काही आहे हे त्याला कायम माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे मी त्याला विसरू देत नव्हतो. हेही आज लिहून टाकतो.

शॉमबर्गात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मधुकर पहिला प्रश्न विचारायचा, "वडील काय करायचे?" हा प्रश्न तो फार आपुलकीने विचारायचा, खांद्यावर हात ठेवून, आणि उत्तर मिळालं की हात तिथे ठेवायचा की काढायचा ते ठरवायचा. एका संक्रांतीला नागपूरहून आलेला संदेश नावाचा तरुण त्याच्या हाती सापडला. सॉफ्टवेअरमधला, बौद्ध घरातला, पहिल्यांदाच मंडळात आलेला. मधुकरने हात ठेवला, प्रश्न विचारला. संदेश म्हणाला, "रेल्वेत गँगमन होते, काका. रूळ बघत रोज दहा-बारा किलोमीटर चालायचे. आणि तुमचे?" असं उलट विचारायची पद्धत नव्हती. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना वळवल्या. मधुकरने खांद्यावरचा हात काढला आणि म्हणाला, "आमचा कापडाचा व्यवसाय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिळाचा लाडू तोंडात घातला आणि तो फार सावकाश चावला. संदेश नंतर मला पार्किंगमध्ये म्हणाला, "यार काका, ते तुमच्याकडे असे का बघत होते, तुम्ही त्यांचं काही चोरलंय का?" मी म्हटलं, उलट, सांभाळून ठेवलंय.

निवृत्त झाल्यावर मधुकरने गावी परत जायचं ठरवलं. मंडळाने निरोपसमारंभ केला. त्याने भाषणात जन्मभूमीचं ऋण हे शब्द तीनदा वापरले. गावात त्याने वेशीजवळ, देवळाकडून येणाऱ्या रस्त्यालगत दोन मजली बंगला बांधला. बंगल्याला खांब होते, ग्रीक धर्तीचे, चार. गावाने खांबांकडे पाहिलं, चांगले आहेत म्हटलं, आणि मधुकरला 'श्रीपत शिंप्याचा अमेरिकेतला' म्हणायला सुरुवात केली. 'मधुकरराव' म्हणणारा तिथे एकच माणूस होता, बंगल्याचा गवंडी, तोही काम संपेपर्यंत.

आता यात्रेबद्दल सांगायला हवं. आमच्या गावी चैत्रात भैरोबाची यात्रा असते. सकाळी पालखी देवळातून निघते आणि गावात पाच दारांपुढे थांबते. त्या पाच घरांना मान आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. पालखी थांबली की त्या घरची बाई पालखीच्या भोयांच्या पायांवर पाणी घालते, आणि पालखीबरोबर चालणारे सगळे, पाटलासकट, त्या दारात चपला काढून उभे राहतात. त्या पाचांत एक घर शिंप्याचं. कारण देवळापुढच्या काठीला दरवर्षी नवं निशाण लागतं, लाल कापडाचं, पांढऱ्या काठाचं, आणि ते शिंप्याने शिवायचं असतं. दुमड हाताने घालायची. शेवटची वीतभर दुमड उघडी ठेवायची, आणि यात्रेच्या सकाळी देवळाच्या पायरीवर घोंगडीवर बसून, सगळ्यांच्या देखत, शिंप्याने ते शेवटचे टाके घालायचे. मग निशाण चढतं, मग पालखी निघते. श्रीपतमामा गेल्यावर हे काम मधुकरच्या चुलतभावाकडे, बाळूकडे आलं. बाळू गावातच राहिलेला, दोन खोल्यांचं घर, दारात मशीन. पालखी त्याच्या दारात थांबायची.

मधुकरला पालखी त्याच्या बंगल्यापुढे थांबायला हवी होती. बाकी कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. खांब त्यासाठीच होते. त्याने देवळाला फरशी दिली. कमिटीने आभार मानले आणि त्याच्या नावाची पाटी लावली. त्याने सभामंडपाला पत्रे दिले. आणखी एक पाटी लागली. चैत्र आला आणि पालखी बंगल्यासमोरून, भोयांनी पाय न थांबवता, सरळ गेली. नलिनीवहिनी पाण्याची कळशी घेऊन फाटकात उभ्या होत्या. पुढच्या वर्षीही तेच. मग तो आबाकडे गेला. आबा आता कमिटीचा अध्यक्ष, झोपाळा अजून तोच. आबाने त्याला खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला, आणि म्हणाला, "मधुकर, देणगीला पाटी असते. पालखीला मान लागतो. आणि तुझ्या घराला तो आहेच की. घराण्याची थोरली पाती तुमची. बाळू तुमच्या मागं करतो एवढंच. तू निशाण शिव, पायरीवर टाके घाल, पालखी तुझ्या दारात थांबवतो. माझा शब्द."

मधुकरने हा किस्सा मला फोनवर सांगितला तेव्हा तो खो खो हसत होता. "ऐकलंस का? मी अडीचशे माणसं सांभाळली आणि हा मला सुई घेऊन पायरीवर बसायला सांगतो." ते हसणं जरा जास्तच वेळ चाललं होतं.

पण तिसऱ्या वर्षी बातमी आली की निशाण मधुकर देणार आहे. मी त्या चैत्रात गावी होतो. वडिलांच्या नावाने शाळेला पुस्तकांचं कपाट द्यायचं होतं. (पाटी मीही लावून घेतली, लहान.) यात्रेच्या आदल्या दिवशी बंगल्यावर गेलो. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात पुण्याच्या एका कापडदुकानाचा चपटा खोका पडलेला होता, रिकामा. खुर्चीवर निशाण घडी करून ठेवलेलं. मी ते उलगडून पाहिलं. फार सुंदर होतं. इतकं सुंदर, इतकं सरळ, की ते दुकानातून आलंय याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. वीतभर दुमड उघडी होती, त्याचंही मला हसू आलं. म्हटलं, दुकानदाराला सांगून तेवढी सोय करून घेतलेली दिसते. मधुकर आत आला, माझ्या हातात निशाण बघून थबकला. मी विचारलं, "कोणी शिवलं?" तो म्हणाला, "मी." मी म्हटलं, "छान." आणि खोक्याकडे पाहिलं. तो लाल झाला आणि मला चहा न विचारता वर निघून गेला. एवढा पुरावा मला पुरे होता. आयुष्यभर ग्रंथालयात काढलेला माणूस मी. वेष्टणावरून आतल्या मजकुराबद्दल मत बनवू नये हे मी शेकडो विद्यार्थ्यांना सांगितलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे सगळं गाव. पायरीवर घोंगडी, ताटलीत सुई-दोरा, हळदकुंकू. मधुकर कोट घालून आला, चैत्रातल्या उन्हात. त्याने निशाण पायरीवर ठेवलं. बाळू बाजूला हात बांधून उभा होता. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "विकत आणलेलं दिसतंय." दुसरा म्हणाला, "अमेरिकेत शिंपी मिळत न्हाईत व्हय?" हशा झाला. आबाने हात वर केला. त्याला भांडण नको होतं, त्याला पालखी वेळेत काढायची होती. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्याला मी दिसलो.

"मास्तरांचा अरुण हाय इथं. तो खोटं बोलायचा न्हाई. अरुण, तू काल बंगल्यावर गेलतास. सांग, हे यानं शिवलंय का?"

मास्तरांचा मुलगा खोटं बोलत नाही, ही आमच्या गावात माझी सगळी इस्टेट. मी म्हटलं, "मी पुण्याच्या दुकानाचा खोका पाहिला."

एवढंच म्हटलं. जास्त नाही, कमी नाही. आबा मधुकरला म्हणाला, आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "ऱ्हाऊ दे खोका. तू बस घोंगडीवर. वीतभर टाके घाल. हात सांगंल खरं काय ते." मधुकरने घोंगडीकडे पाहिलं. सुईकडे पाहिलं. आबा वरच्या पायरीवर उभा होता, मी त्याच्या शेजारी. मला वाटतं पाव मिनिट गेलं असेल... मग मधुकर म्हणाला, "मी असल्या तमाशाला बसणार नाही." निशाण उचललं आणि गर्दीतून बंगल्याकडे चालू लागला. कोणी अडवलं नाही. बाळूने पिशवीतून दुसरं निशाण काढलं. "असू दे म्हणून शिवून ठेवलं हुतं," म्हणाला, आणि घोंगडीवर बसला. पालखी निघाली, बंगल्यासमोरून गेली, बाळूच्या दारात थांबली. मी इतरांबरोबर चपला काढून उभा राहिलो आणि मला फार बरं वाटत होतं.

चार महिन्यांत मधुकर शॉमबर्गला परत आला. मंडळात त्याने तिकडची हवा, मेडिकल फॅसिलिटी, रस्ते वगैरे कारणं सांगितली. सुदैवाने इथलं घर त्याने विकलं नव्हतं. माझ्याशी बोलणं त्याने तोडलं नाही, ते त्याला जड गेलं असतं, लोकांनी कारण विचारलं असतं. फक्त भेटला की म्हणायचा, "काय साक्षीदार, कसं काय?" लोकांना वाटायचं जुन्या मित्रांची थट्टा आहे. एकदा त्याच्या मुलीच्या, नेहाच्या, वाढदिवसाला मागच्या अंगणात जेवण होतं. त्यांचा शेजारी पॅट, आयरिश घराण्यातला निवृत्त फायरमन, आपल्या आजोबांच्या भावाची गोष्ट सांगत होता. तो म्हणे शिकागोत तीस वर्षं राबून आयर्लंडला परत गेला, कोटाला सोन्याची साखळी लावून. मजुराचा मुलगा. गावात दुकान घेतलं, चर्चला नवा दरवाजा करून दिला, आणि रविवारी जाऊन पुढच्या बाकावर, दुकानदार आणि मोठे शेतकरी बसतात तिथे बसला. त्याला कोणी उठवलं नाही. त्या बाकावरची माणसंच उठून मागे जाऊन बसली. सगळे हसले. मधुकरने विचारलं, "मग त्याने काय केलं?" पॅट म्हणाला, "पुढच्या रविवारपासून मागे बसायला लागला. मरेपर्यंत." मधुकर म्हणाला, "इडियट," आणि ताटातलं कणीस अर्धं टाकून आत गेला.

मधुकर गेला तो हृदयविकाराने, दुपारी, गॅरेजवरच्या खोलीत. त्या खोलीत मी कधी गेलेलो नव्हतो. बहुतेक कोणीच गेलेलं नव्हतं. शोकसभेनंतर आठवड्याने वहिनींनी मला बोलावलं. लिहायचं तर आधी एक बघून जा, म्हणाल्या. खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीला जाड, काळपट पडदा होता, दोन्ही कडांना चौकटीला खिळ्यांनी ठोकलेला. वहिनींनी दिवा लावला. मधोमध एक शिलाईचं मशीन होतं. भिंतीला कात्र्या, पट्ट्या, कागदी मापं. मशीनच्या पाटावर लाल निशाण, पांढऱ्या काठाचं, वीतभर दुमड उघडी.

नेहा दारात उभी होती. "अंकल, डॅड मेड ऑल माय हॅलोवीन कॉस्च्यूम्स," ती म्हणाली. "आय थॉट यू न्यू."

वहिनी सांगत गेल्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्याने मशीन आणलं. त्यांचे सगळे ब्लाउज, घरातले पडदे, नेहाचे फ्रॉक, सगळं त्याने शिवलेलं. मंडळातल्या बायका ब्लाउजची शिलाई बघून टेलरचा पत्ता मागायच्या, तेव्हा वहिनींनी न्यू जर्सीत, आयसेलिनला, एक टेलर राहतो असं ठोकून दिलं होतं. एक बाई तिकडे लग्नाला गेली असताना त्याला शोधून दमून आली. मग वहिनींना तो टेलर मारून टाकावा लागला. "मंडळातल्या सगळ्या जणी दोन मिनिटं शांत बसल्या होत्या बिचाऱ्या," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या.

"आणि हे?" मी निशाणाकडे बोट केलं.

"बंगल्यात वरच्या खोलीत, दार लावून. दीड महिना लागला. दोनदा उसवलं. कापड पुण्याहून मागवलं होतं, तालुक्याच्या दुकानातून घेतलं तर गावात कळेल म्हणून. त्याचाच तो खोका."

मी विचारलं, त्या सकाळी तो घोंगडीवर का बसला नाही. वीतभरच तर शिवायचं होतं. पाच मिनिटांचं काम.

"मीही तेच म्हटलं. घरी आले तेव्हा पाय धरायचे बाकी ठेवले. अजून जा म्हटलं, पालखी निघाली नाही, बसा, घाला टाके. ते म्हणाले, आबा वर आणि मी खाली सुई घेऊन, हे माझं एकदा करून झालंय." सांगावं की नाही असं त्यांच्या मनात चाललं असावं. "आणि म्हणाले, झोपाळ्यावर तो अरुणही होता."

घरी आल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गावी बाळूला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. मागे मशीनचा आवाज येत होता. वडिलांमागे तो मलाच मास्तर म्हणतो.

"बोला की मास्तर. दादा गेल्याचं कळलं. आम्ही सुतक पाळलं हितं."

"बाळू, ते निशाण त्यानेच शिवलं होतं. मी गावासमोर चुकीचं बोललो."

मशीन थांबलं.

"ठावं हाय मला," बाळू म्हणाला.

"कधीपासून?"

"तवापासूनच. पायरीवर ठिवलं तवाच बघितलं. दुमडीला श्रीपतकाकांचा टाका हुता. सात सरळ, एक उलटा. मला न्हाई जमला कधी. माझ्या बापालाबी न्हाई."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलला हुता की." मग तो म्हणाला, "मास्तर, वर्षातनं एकदा पाटील माझ्या दारात चपला काढून उभा ऱ्हातो. एकदाच. दादाकडं अमेरिका हुती. माझ्याकडं काय हाय दुसरं?"

बाळूच पुढे म्हणाला, "निशाण द्या धाडून. चैत्रात चढवू. राहिलेले टाके मी घालतो, दादाचं नाव घिऊन."

"आणि पालखी?"

"ती थांबती तिथं थांबंल," बाळू म्हणाला, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

माझा मधुकरवरचा राग गेलेला नाही. उलट आता त्याला नीट कारण आहे. त्याने मला गावासमोर, मी खरं बोलतोय अशा थाटात, खोटं बोलू दिलं, आणि एका टाक्याने ते खोडता आलं असतं तरी खोडलं नाही. सहा वर्षं मला साक्षीदार म्हणून हाक मारली आणि त्या हाकेचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावत राहिलो. निशाणाच्या बाबतीत माणूस खोटारडा नव्हता. त्याने शिवलं होतं आणि 'मी शिवलं' म्हणाला होता. त्याच्या आयुष्यातलं हे एक वाक्य निखळ खरं, आणि नेमकं तेच ऐकून मी खोक्याकडे पाहिलं. पण वाईट वाटायला लागतं न लागतं तोच मला संदेशच्या खांद्यावरचा तो हात आठवतो, उत्तर ऐकून उचललेला. ज्या पायरीवर बसायला त्याची तयारी नव्हती तिच्यावर दुसऱ्याला बसवायला त्याची कधीच ना नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांचा मेळ घालता येत नाही. घालणाऱ्यांनी शोकसभेत घातलेलाच आहे.

शनिवारी वहिनींना बाळूचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. "बाळूभाऊजींचंही बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण नको पाठवायला. टाके घालणारं माणूस गेलं. राहू दे तसंच." मग त्यांनी ड्रॉवरमधून पक्कड काढून माझ्या हातात दिली. "खिडकीचा तो पडदा तेवढा काढून द्या. माझा हात पोचत नाही."

खिळे बरेच होते आणि आत घट्ट बसलेले. अर्धा तास लागला. पडदा खाली आला तेव्हा खोलीत बर्फावरचा पांढरा उजेड भरला. मशीन, पट्ट्या, लाल निशाण, सगळं एकदम दिसायला लागलं, आतूनही आणि बाहेरूनही. वहिनी म्हणाल्या, धूळ केवढी आहे, आणि फडकं आणायला गेल्या. मी त्या रस्त्याने आठवड्यातून दोनदा ग्रंथालयात जातो. त्या घरापाशी गाडी हळू होते आणि मी वर बघतो. मशीन रस्त्यावरून स्वच्छ दिसतं. खाली माणसं बर्फ उपसत असतात, कुत्र्यांना फिरवत असतात, मुलांना बसमधून उतरवून घेत असतात. महिना होत आला. वर कोणी बघत नाही.